देशबंधु दास : ऋण आणि करार

१९०६ सालीं कलकत्त्याच्या एका बॅरिस्टरनें वडिलांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. वडिलांच्या उदारपणानें झालेल्या कर्जाची जबाबदारी मुलानें आपल्या शिरावर घेतली होती. अशा अर्जानंतर कायद्याचा तगादा उरत नाहीं. तरीहि चित्तरंजन दासांनीं १९१३ सालीं हें ऋण आपण होऊन फेडलें. त्यांच्या पुढील चरित्राचें मर्म या एका गोष्टींत आहे.

ऋणफेडीचा पैसा वकिलीनें दिला, व त्या वकिलीस कीर्ति अलीपूरच्या बाँब खटल्यानें दिली. पूर्वीं बडोद्यास अध्यापक असलेले अरविंद घोष त्यांत आरोपी होते. सरकारपक्षानें पुढें केलेलें एक महत्त्वाचें पत्र बनावट आहे, असा युक्तिवाद दासांनीं केला. १९०९ च्या मे महिन्यांत अरविंद निर्दोष सुटले.

ही भरभराटीची वकिली दासांनीं १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर सोडली. १९२१ अखेर त्यांस अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. कायदेमंडळांत शिरून सरकारला अडवावें, हें त्यांचें मत १९२२ त गया काँग्रेसनें, ते स्वतः अध्यक्ष असतांना, फेटाळलें. तेव्हां मोतीलाल नेहरूंच्या साह्यानें त्यांनीं स्वराज्य पक्ष काढला, पुण्याचे न. चिं. केळकरहि त्यांत होते. बंगालच्या कायदेमंडळांत हा पक्ष सर्वांत मोठा ठरला. गव्हर्नरांनीं मंत्रिमंडळ बनविण्यास बोलाविलें असतां दासांनीं नकार दिला, आणि १९२४ त मंत्र्यांचे पगारच नामंजूर करविले. त्याच वर्षीं ते कलकत्त्याचे पहिले मेयर झाले.

परंतु त्यांची खरी कसोटी निराळीच होती. बंगालमध्यें मुसलमान निम्म्याहून अधिक, पण सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वांटा थोडा. म्हणून डिसेंबर १९२३ मधील बंगाल करारांत दासांनीं लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व व स्वराज्यानंतर शेंकडा ५५ नोकऱ्या मान्य केल्या. अनेक हिंदु पुढारी रुष्ट झाले. कोकोनाडा काँग्रेसनेंहि तो नाकारला. तथापि १९२४ त सिराजगंजच्या प्रांतिक परिषदेंत दासांनीं त्याला मान्यता मिळविली.

१६ जून १९२५ रोजीं दार्जिलिंग येथें त्यांचें निधन झालें. वर्षभरांतच कृष्णनगरच्या परिषदेनें करार मोडीत काढला. १९४७ त बंगालच दुभंगला. करार टिकता, तर फाळणी टळती काय, हें कोणीं सांगावें? परंतु कायदा सक्ती करीत नसतांहि देणें ओळखणारा पुरुष गेला, आणि त्यानें मान्य केलेलें दुसरें ऋण तसेंच राहिलें.