व्रण हवा, पण कोणत्या बाजूला?

महाडजवळच्या सव गावी काय किंवा इतरत्र काय, भाताचे भारे उचलणाऱ्या माणसाच्या जांघेत एखादे दिवशी फुगवटा दिसू लागतो. उभे राहिले की तो वाढतो, आडवे झाले की आत जातो. हा अंतर्गळ, म्हणजेच हर्निया. पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे बाहेर डोकावते. औषधाने ही जागा बुजत नाही; शस्त्रक्रियाच करावी लागते.

पूर्वी तिच्या कडा ओढून शिवत. ताण पडून टाके फाटत. म्हणून जाळी बसवण्याची पद्धत आली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि घट्ट व्रण तयार होतो. भिंत मजबूत होते ती या व्रणामुळे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरले आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. युगांडातील ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची चाचणी झाली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात कोणाचाच नाही. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

मग अडचण कोठे आहे? भिंतीत हवा असलेला हाच व्रण पोटाच्या आत झाला, तर आतडी एकमेकांना किंवा भिंतीला चिकटतात. पुढे कधी त्यांना पीळ पडून मार्ग बंद होऊ शकतो.

पोटाला आतून उदरावरण नावाचे गुळगुळीत अस्तर असते. ते खरचटले की काही तासांतच तेथे फायब्रिनचा चिकट थर जमतो. खळ लावलेली दोन कापडे ओली असताना सुटतात, वाळल्यावर सुटत नाहीत. तसेच हे आहे. प्लाझमिन हे विकर फायब्रिन वेळेवर विरघळवू शकले तर आतडी मोकळी राहतात. नाहीतर त्यात तंतू व रक्तवाहिन्या शिरतात आणि बंध कायमचा होतो.

त्वचेची जखम कडांकडून मध्याकडे भरत येते. उदरावरणाची मात्र सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी भरते. त्यामुळे जखम लहान असो वा मोठी, साधारण आठवडा पुरतो. तेवढे दिवस दोन पृष्ठभाग वेगळे ठेवले की काम भागते!

सर्व उपाय यावरच आधारलेले आहेत. जांघेच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत जाळी उदरावरणाच्या बाहेर बसते. आतड्याला तिचा स्पर्श होत नाही, म्हणून साधी जाळी चालते. पोटाच्या आत बसवायची जाळी दुपदरी करतात: भिंतीकडे खडबडीत, आतड्याकडे गुळगुळीत विरघळणारा पापुद्रा. हायल्युरॉनिक आम्ल व सेल्युलोजच्या अशा सुट्या पापुद्र्याला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. याशिवाय ऊती हळुवार हाताळणे, त्या कोरड्या पडू न देणे, रक्त साचू न देणे हे बिनखर्चाचे उपाय आहेतच. हातमोज्यांवरची पूडही बंध वाढवते. अमेरिकेत २०१७ पासून असे मोजे बंद झाले.

यांपैकी कोणताही उपाय धोका शून्यावर आणत नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला, वर्षांनंतरही, पोटात कळा, उलट्या, पोटफुगी आणि वायू न सरणे असा त्रास झाला, तर घरगुती रेचक न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एवढे विद्यार्थ्यांना नक्की सांगू या.

वर्गात हे दाखवता येईल. कापडाच्या दोन जोड्यांना खळ लावा, एका जोडीत मेणकागद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सोडवून पाहा.