मिनिटं नव्हे, लिटर

पहाटे ५.३०. आधी बोअरचं बटण. मे महिन्यात लातुरात आमचं बोअर सलग पंचवीस मिनिटं पाणी देतं, मग पाइप उचक्या देऊ लागतो. तेव्हा मोटार बंद केली नाही तर ती कोरडी फिरून जळते. म्हणून मी टाकीच्या शिडीवर बसून पाइपच्या तोंडाकडे बघत राहतो. धार तुटली की बंद. पुढची पाळी थेट दुपारी.

७.००. फाटक उघडलं. शेड तीन आहेत. एकात आमची दोन पोरं चारचाकी धुतात. बाकीच्या दोन शेडवर पाटी आहे, ‘आपली गाडी आपण धुवा’. गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन करून चाळीस रुपये भरायचे, प्रेशर गन घ्यायची आणि कामाला लागायचं. सुरुवातीला मी मिनिटं विकायचो, चाळीस रुपयांत पाच. ती माझी मोठी चूक होती. घड्याळ पळतंय म्हटल्यावर माणूस ट्रिगर सोडतच नाही. एका हातानं फेस चोळतो, दुसऱ्या हातातली गन फरशीवर चालूच. मिनिटाला बारा लिटरची गन, म्हणजे एका मोटरसायकलला साठ लिटर आणि त्यातलं निम्मं फरशीला. मागच्या उन्हाळ्यात मी टायमर काढला आणि पाणी मोजणारं मीटर बसवलं. आता चाळीस रुपयांत तीस लिटर. ट्रिगर सोडला की आकडा थांबतो.

८.३०. आडतीवर निघालेले एक मामा मोटरसायकल धुऊन माझ्याजवळ आले. मीटरवर सहा लिटर शिल्लक दिसत होते.
“दादा, हे उरल्यालं पाणी उद्याला मिळंल का?”
“मिळेल की मामा,” म्हणालो आणि वहीत नंबर लिहून घेतला. मिनिटं विकत होतो तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं.

१०.३०. लगीनसराई. नवरदेवाची गाडी आली, बॉनेटवर चिकटपट्टीचे डाग, काचेवर वाळलेल्या पाकळ्या. गाडी उन्हातून आलेली, पत्रा तापलेला. तसंच पाणी मारलं तर ते जागच्या जागी वाळतं आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. ते निघता निघत नाहीत. म्हणून अर्धा तास सावलीत थांबायला सांगतो. काहीजण रागावून निघून जातात. जाऊ द्यावं लागतं.

१.००. शेडमागच्या टाकीचं काम. हे मी पोरांवर सोडत नाही. धुतलेलं पाणी नालीत न जाता इथं येतं. टाकीला तीन कप्पे आहेत. पहिल्यात माती आणि वाळू खाली बसते. दुसऱ्यात तेल आणि ग्रीस वर तरंगतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणाऱ्या पाइपाचं तोंड एल्बो लावून खाली वळवलंय, त्यामुळे पाणी तळाकडून ओढलं जातं आणि तेलाचा थर मागे राहतो. तो थर डब्यानं काढून पिंपात भरतो, जुनं ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाला देण्यासाठी. पहिल्या कप्प्यातला गाळ फावड्यानं उपसतो. काळी माती डांबरासारखी चिकटते, कंबर धरते. पण आठवडाभर चालढकल केली की तिसऱ्या कप्प्यातलं पाणी गढूळ येतं आणि त्यातली बारीक वाळू प्रेशर पंपाची सिलं खाते. तिसऱ्या कप्प्यातलं पाणी आम्ही चारचाकीचा बुडखा आणि चाकांच्या कमानी धुवायला वापरतो. रंगावर फक्त ताजं पाणी.

३.००. एक फेज गेली. तासभर सगळं बंद.

५.००. शेजारच्या गल्लीतले एक काका फाटकाशी उभे राहिले. “आमच्या नळाला रोज पाणी येत नाही आणि तू गाड्या धुतोस?”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी तर २०१६ चा उन्हाळा याच गावात काढलाय. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझी गन खुंटीलाच होती, आणि तसं वर्ष पुन्हा आलं तर पुन्हा खुंटीला लागेल. पण घरासमोर नळी सोडून गाडी धुतली तर किती पाणी जातं, हे कुणी मोजत नाही. इथं थेंबन् थेंब मीटरमधून जातो. काकांना आत नेऊन टाकी दाखवली, वही दाखवली. त्यांनी सगळे आकडे वाचले. पटलं की नाही, बोलले नाहीत. जाताना कळशीभर पाणी मागितलं, ते दिलं.

८.३०. हिशेब. दुचाकी ३१, चारचाकी ९. एकूण पाणी १,८३० लिटर. त्यातलं टाकीतून फिरून आलेलं ६८०, बोअरचं ताजं १,१५०. मामांचे सहा लिटर उद्याच्या पानावर.

गाडी माझ्याकडे धुवा, दुसरीकडे धुवा, नाहीतर घरी धुवा. फेस चोळताना तेवढं पाणी बंद ठेवा.