गोव्यात सालाझारच्या पाठीशी चर्च होतं का?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. गोव्याला आणखी १३ वर्षं लागली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हटायला तयार नव्हता. तो अस्सल फॅसिस्ट होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. सेन्सॉरशिप आणि गुप्त पोलीस मात्र होतेच. १९४० मध्ये त्याने व्हॅटिकनशी करार केला. वसाहतींतल्या मिशनना सरकारी पैसा, आणि बिशप नेमण्याआधी सरकारला विचारणा. मग गोवा गेला तर ख्रिस्ती धर्म धोक्यात, असा प्रचार. पण या राजवटीने १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा दिलेले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक घराण्यातलेच! जुलै १९५५ मध्ये नेहरू पोप पायस बारावे यांना भेटले. गोव्याचा प्रश्न धार्मिक नाही, राजकीय आहे, हे पोपना मान्य असल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. सालाझार मात्र डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य येईपर्यंत अडूनच बसला.