‘समशीतोष्ण’ शब्दाचा अर्थ व उपयोग

शाळा तपासणीच्या वेळी इयत्ता पाचवीच्या वर्गात मी एकदा विचारले, “समशीतोष्ण म्हणजे काय?” मागील रांगेतील एक मुलगा चटकन उठून म्हणाला, “कोमट!” वर्गात हशा पिकला. गुरुजींनी त्याला दटावून खाली बसविले. तो मुलगा नंतर तासभर मान वर करीना. मला मात्र असे वाटले की, त्या वर्गात शब्दाचा विचार केलेला तो एकटाच विद्यार्थी होता. इतरांस केवळ ‘समशीतोष्ण कटिबंध’ ही जोडी पाठ होती.

प्रथम शब्दाची फोड पाहू. पुष्कळ मुले हा शब्द ‘समशी-तोष्ण’ असा तोडून वाचतात, आणि त्यामुळेच ‘समशितोष्ण’ असा ऱ्हस्व लिहितात. ‘तोष्ण’ असा शब्द नाही. शीत आणि उष्ण मिळून शीतोष्ण; सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय होतो, तोच हा गुणसंधी. शीतोष्ण हा द्वंद्व समास. त्यास ‘सम’ जोडून, ‘सम आहेत शीत व उष्ण ज्यामध्ये ते’ असा बहुव्रीही होतो व शब्द विशेषण बनतो. फोड एकदा फळ्यावर झाली की शीतमधील ‘शी’ दीर्घ का, हे निराळे सांगावे लागत नाही.

आता त्या मुलाच्या उत्तराकडे वळू. थंड व कढत पाणी सारखे मिसळले तर कोमट होते. तेव्हा शब्दार्थाने तो फारसा चुकला नव्हता. संस्कृतातही किंचित उष्ण या अर्थी कोष्ण, कवोष्ण असे शब्द आहेत. परंतु व्यवहारात प्रत्येक विशेषणाचे घर ठरलेले असते. पाणी कोमट, गोधडी उबदार, भाकरी ऊन ऊन. समशीतोष्ण ही केवळ हवा, हवामान किंवा प्रदेश. समशीतोष्ण दूध कोणी मागत नाही.

खरी अडचण याच्या पुढे आहे. भूगोलात हा शब्द पारिभाषिक होतो. कर्कवृत्त ते आर्क्टिक वृत्त, म्हणजे २३½° ते ६६½° उत्तर, आणि त्याचप्रमाणे दक्षिणेस, असे हे दोन पट्टे होत. येथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही आणि कोणताही दिवस सूर्यदर्शनावाचून जात नाही. म्हणजे हे नाव सूर्याच्या स्थितीवरून ठरले आहे, तापमापकावरून नव्हे. सैबेरियातील याकुत्स्क सुमारे ६२° उत्तरेस, अर्थात याच कटिबंधात आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्या जवळपास असते आणि जुलैचे शून्यावर वीसच्या आसपास. शीत व उष्ण तेथे मिसळत नाहीत, पाळीपाळीने येतात! लंडनची हवा मात्र पुष्कळशी शब्दाप्रमाणे वागते.

उलट, आपला सर्व महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधात मोडतो. महाबळेश्वर गार आहे ते सुमारे १,३५० मीटर उंचीमुळे. तरीही ‘पुण्याची हवा समशीतोष्ण आहे’ असे आपण बोलतो, आणि बोलण्यात ते चूक नाही. चूक होते ती, त्यावरून मुलाने पुणे समशीतोष्ण कटिबंधात नेऊन ठेवले म्हणजे. परीक्षेत असे उत्तर आले तर गुण कापण्यापूर्वी, हे दोन अर्थ आपण वर्गात वेगळे करून सांगितले होते काय, हे आठवून पाहावे.

पाठ घेताना दोन तांबे पाणी, एक थंड व एक सोसवेल इतके गरम, वर्गात आणावे. ते मिसळून मुलांना हात बुडवू द्यावा व ‘सम’चा अर्थ त्यांच्याकडूनच काढावा. नंतर पृथ्वीगोलावर याकुत्स्क दाखवून विचारावे, “येथले पाणीही असेच असेल का?”