एका घासाने काय होतं?

‘अगं, एका घासाने काय होतं? प्रसाद आहे, नाही म्हणू नये!’ सत्यनारायणाच्या पूजेला हे वाक्य प्रेमानेच म्हटले जाते. पण समोरच्या मुलाला सीलिअॅक आजार असेल, तर द्रोणातला तो शिरा त्याला अपायकारक आहे. रवा म्हणजे गहूच.

गहू आणि जव या धान्यांत ग्लूटेन असते. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळेच. सीलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेले, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांमध्ये जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची अशी लक्षणे दिसतात. मोठ्यांना पोटाची तक्रार असेलच असे नाही. कधी महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, एवढीच खूण असते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो.

दुखण्याचे मूळ गव्हात आहे, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने 1950 च्या प्रबंधात दाखवून दिले. औषध अजूनही एकच: आयुष्यभर ग्लूटेन बंद.

शंका आली म्हणून परस्पर गहू सोडू नका, ही मात्र विनंती. आधी टीटीजी ही रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासणे. गहू आधीच बंद केला, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. निदान झाले, की रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करावी.

आता त्या एका घासाचा हिशेब. एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेले, तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. म्हणजे पोळीचा पन्नासावा भागही जास्तच! सर्वांना दिसेल असा त्रास लगेच होतोच असे नाही, म्हणून तर आग्रह करणाऱ्याला पथ्य म्हणजे लाड वाटतात.

खरे तर आपले स्वयंपाकघर या पथ्याला फार सोयीचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळ्या डाळी चालतात. उपासाची वरई, राजगिरा, साबुदाणाही चालतो. महागडी ‘ग्लूटेन-फ्री’ बिस्किटे नसली तरी काही अडत नाही.

अडते ते भलतीकडेच. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली, की जात्यात राहिलेली कणीक तिच्यात उतरते. शक्य असेल तर घरघंटी फक्त या धान्यांसाठी ठेवावी. पोळपाट, लाटणे, पिठाची चाळणी वेगळी हवी. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात अनेक घरी मूठभर गहू असतो. आणि हिंग! बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात मिसळलेला असतो. भाकरी, वरण, भात असे निर्धोक ताट वाढूनही मुलाचा त्रास थांबत नसेल, तर फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी काढा आणि तिच्यावरची घटकांची यादी वाचा.