बाळाचा सीआरपी नॉर्मल आला, तरी लगेच घरी नेऊ नका

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या घरांत हा प्रसंग नवा नाही. बाळंतीण माहेरी, बाळ चार-पाच दिवसांचं. सकाळपासून दूध ओढत नाही, नुसतं झोपून आहे. दादी म्हणते, शांत आहे बाळ. नानीला मात्र चैन पडत नाही. किन्हवली, टोकावडे, सरळगाव किंवा कसाऱ्याकडून निघून माणसं तालुक्याला येतात. तिथे रक्त तपासतात. कागदावर सीआरपी नॉर्मल. मग कुणीतरी म्हणतं, "काही नाही, चला घरी. चिल्ल्यातलं बाळ उगाच बाहेर कशाला?"

चूक इथेच होते, कारण पहिल्या रिपोर्टमधला चांगला आकडा म्हणजे संसर्ग नाही, असं नसतं.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात 1930 साली अमेरिकेतल्या संशोधकांना ते पहिल्यांदा सापडलं. हा जंतू नव्हे. शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की आपलं लिव्हर हे प्रोटीन बनवतं. पण बनवायला वेळ लागतो. संसर्ग सुरू झाल्यावर साधारण आठ-दहा तासांनी त्याची पातळी वाढायला लागते आणि दीड-दोन दिवसांत ती सर्वांत वर जाते. म्हणजे बाळ पहाटे आजारी पडलं आणि सकाळीच रक्त घेतलं, तर सीआरपी खुशाल नॉर्मल येईल.

म्हणूनच डॉक्टर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त मागतात. "कालच घेतलं होतं ना? लेकराचं सगळं रक्त काढणार का?" असा वाद वॉर्डाबाहेर होतो. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जवळपास 250 मिली रक्त असतं, आणि सीआरपीला एक मिलीसुद्धा लागत नाही. सुई टोचताना आईचा जीव तुटतो हे खरं, पण दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त बोलका असतो. तो चढतोय की उतरतोय, हे त्यातूनच कळतं. औषध लागू पडलं की साधारण 19 तासांत सीआरपी निम्म्यावर येतो. चढतच राहिला, तर डॉक्टरांना औषध बदलायचा किंवा आजार दुसरीकडे शोधायचा विचार करावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती फार कमी घरांना माहीत असते. बाळ चांगलं दूध पितंय, 24 तासांच्या अंतराने घेतलेले दोन्ही सीआरपी नॉर्मल आहेत आणि ब्लड कल्चरमध्ये दोन दिवसांत जंतू वाढले नाहीत, तर डॉक्टर अँटिबायोटिक लवकर थांबवू शकतात. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या हजारो नवजात बाळांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणात सापडले. त्यामुळे गरज नसताना चाललेली इंजेक्शनं बंद होणं ही बाळासाठी चांगलीच गोष्ट.

आकडा वाचताना एकक नक्की बघा. बऱ्याच ठिकाणी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर सीआरपी वाढलेला मानतात. पण काही लॅब डेसिलिटरमध्ये लिहितात. तिथला 1.2 म्हणजे लिटरमागे 12. एका कागदावर 12 आणि दुसऱ्यावर 1.2 बघून "दहापट उतरला" म्हणून खूश होणं महागात पडू शकतं. उलटही असतं: प्रसूती लांबली, बाळ जन्मताच रडलं नाही किंवा पोटातली शी त्याच्या छातीत गेली, तर जंतू नसतानाही सीआरपी वाढतो.

प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी तपासणी. ती चार-सहा तासांतच वाढते, पण महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. शिवाय जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ती निरोगी बाळातही वर असते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स सोबत बघतात. नेमका जंतू कोणता ते कल्चर सांगतं, पण त्याला दोन दिवस लागतात.

मग सुरुवात कशावरून करायची? बाळाकडे बघून. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची लक्षणं ओळखायला शिकवलं. ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली की त्या उपचार सुरू करायच्या. लॅब नाही, सीआरपी नाही. त्या 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्या कामाची मुळं तिथली आहेत. अकीक्याच्या गडबडीत त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा.

दूध ओढणं कमी झालं, हलवल्याशिवाय बाळ हलत नाही, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके, अंग तापलेलं किंवा थंडगार, यातलं एकही दिसलं तर चिल्ला पुरा व्हायची वाट बघू नका. नवजात बाळाला ताप यायलाच हवा असं नाही. अंग थंड पडणं तितकंच वाईट. मालिश, घुट्टी, मध यात तास घालवू नका. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये.

खर्चाच्या भीतीने सही करून बाळ घरी नेणारे बरेच असतात. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं आणि गाडी मोफत आहे. नंतर ही सोय एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाली. ॲम्ब्युलन्ससाठी 102 किंवा 108 लावा. तालुक्यातून उल्हासनगर, कळवा किंवा ठाण्याला पाठवलं, तर आधीचे सगळे रिपोर्ट सोबत न्या आणि प्रत्येक रक्त किती वाजता घेतलं होतं ते कागदावर लिहून मागा. वेळ लिहिलेली नसेल, तर पुढच्या डॉक्टरला आकडा चढतोय की उतरतोय ते सांगता येत नाही.