गॅस ‘संपत’ नसतो

एप्रिल उजाडला की माझ्या गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, ‘एसीतला गॅस संपलाय, भरून द्या.’ मंडळी, हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही; बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आधी साध्या गोष्टी पाहा. वाराच कमी येतो? मग केबिन फिल्टर धुळीनं भरला असेल. हायवेला थंड आणि सिग्नलला गरम? कंडेन्सरचा पंखा तपासून घ्या. गाडीखाली पाणी ठिबकतं, त्याची काळजी नको. पायाशी कार्पेट ओलं झालं, तर निचऱ्याची नळी तुंबलेली असते.

नळीच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच. गॅसबरोबर तेलही जातं आणि तेलाविना कॉम्प्रेसर जाम होतो. मग खर्च विचारूच नका! शिवाय बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए वायू ओझोनला अपाय करत नसला, तरी वजनाला वजन धरलं, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता अडवतो. नळी सैल करून तो हवेत सोडणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. गॅस काढून साठवणारं यंत्र असेल, तिथेच काम करून घ्या.

आणि थंडीतही महिन्यातून एकदा १० मिनिटं एसी चालवा. तेल फिरतं, सील सुकत नाहीत.